रागावू नका, तंजावरचं ठरवून टाकलंय

ती. आई आणि बाबा यांस,
सा. न. वि. वि.

आधी मुद्द्याचं सांगते, कारणं मागाहून. साठेकाकांच्या ग्रुपबरोबरची बसची दक्षिण सहल मी रद्द केलीय. काकांशी बोलून झालंय, ते रागावलेले नाहीत. आगाऊ भरलेल्या रकमेतून कापून जे उरेल ते बाबांच्या खात्यात येईल. किती कापले ते विचारू नका. त्याऐवजी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही आधी माझ्याकडे चेन्नईला यायचं, दोन दिवस नुसतं लोळायचं, आणि मग तुम्ही दोघांनीच तंजावरला जायचं. एकच शहर, दोन रात्री, गाडी तुमच्यापुरती आणि गाइडही तुमच्यापुरता. सगळं बुक झालंय.

बाबा, आता तुम्ही म्हणणार, ‘एवढा खर्च कशाला, बसने सगळं झालं असतं.’ झालं नसतं. त्या कार्यक्रमपत्रिकेत सहा दिवसांत नऊ देवळं होती, आणि तंजावरच्या वाट्याला आलं होतं सकाळी अकरा ते बारा. अकरा वाजता तिथल्या बृहदीश्वराच्या देवळाच्या अंगणातली फरशी तापलेली असते आणि चपला दाराबाहेरच ठेवाव्या लागतात. माणसं सावलीच्या पट्ट्यातून पळत जातात, दर्शन घेतात आणि पळत परत येतात. साडेबाराला गाभारा बंद होतो, म्हणून शेवटी रांगेत रेटारेटी. आईच्या गुडघ्याला ते झेपणार नाही आणि चाळीस माणसांची बस तिच्यासाठी थांबणार नाही. पंढरपूरला काय झालं ते मी पुन्हा लिहीत नाही.

मी बरोबर नाही, हे मात्र मला टोचतंय. नेमका त्याच आठवड्यात ऑडिट आहे आणि पुढे ढकलावं तर ऊन वाढतं. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडचा पावसाळा, पोंगलच्या सुट्टीत मुंगीला शिरायला जागा नसते, मार्चपासून दगड तापायला लागतो. उरतो तो जानेवारीचा शेवट आणि फेब्रुवारी. प्रदोषाच्या संध्याकाळी नंदीला अभिषेक असतो आणि अख्खं गाव देवळात लोटतं, म्हणून पंचांग बघून ते दिवसही टाळलेत. आईबापांना परक्याच्या हवाली करून मोकळी झाले असं समजू नका.

गाइड एक बाई आहेत. गळ्यात पर्यटन खात्याचं ओळखपत्र असतं आणि हिंदी बऱ्यापैकी येतं. मराठी गाइड मिळणं कठीण, त्या आशेवर राहिलेच नाही. आईचं ऑपरेशन, बाबांची शुगर, मध्येमध्ये बसायला लागतं, हे सगळं त्यांना फोनवर सांगून ठेवलंय. नुसतं ‘सीनियर सिटिझन आहेत’ म्हटलं की हे लोक पावलं जरा हळू टाकतात, पण बोलणं उभ्यानेच चालू ठेवतात. म्हणून स्पष्ट सांगितलंय, दर वीस मिनिटांनी बसायचं, आणि गोष्ट बसल्यावरच सांगायची.

चेन्नईच्या एग्मोर स्टेशनवरून सकाळची चोळन एक्स्प्रेस. एसीची, खिडकीजवळची जागा आहे. गाडी चिदंबरम, मायिलाडुदुरै, कुंभकोणम करत दुपारी तंजावरला पोचते. वाटेत कावेरीच्या पाण्यावरची भातशेती दिसेल, बाबांनी तेव्हा पेपर वाचत बसू नये. त्या दिवशी काहीही बघायचं नाही. हॉटेलात खोली पहिल्या मजल्यावर आणि लिफ्टजवळ घेतलीय, कमोड आहे, आंघोळीला स्टूल ठेवायला सांगितलंय. आईला रात्री लागणारं गरम पाणी रूमवर किटलीत करता येईल. बाहेर मागायचं झालं तर ‘सुडु तण्णी’ म्हणायचं. बिनसाखरेची कॉफी हवी असेल तर ऑर्डर देतानाच ‘चक्करै वेण्डाम’ सांगायचं, नाहीतर साखर आधीच घातलेली असते. आणि बाबा, ‘एक दिवस चालतं’ हे तिकडे चालवू नका.

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला गाडी दारात येईल. उपाशीपोटी निघायचं नाही, खोलीत केळं आणि दोन बिस्किटं खाऊन घ्या. शुगरची गोळी मात्र परत येऊन नाश्त्याबरोबर, आधी नाही. लघवीची गोळी त्या दिवशी उशिरा घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांना विचारलंय, ते हो म्हणाले. निघण्यापूर्वी दोघांनीही हॉटेलातच जाऊन या, देवळाच्या आवारात आयत्या वेळी शोधाशोध नको. जाड सुती मोजे घाला. नायलॉनचे घासलेल्या दगडावर घसरतात.

देऊळ सहाला उघडतं, साडेसहाला तुम्ही आत असाल. पहिली कमान मराठ्यांच्या काळातली, तिच्यामागची दोन गोपुरं राजराज चोळाची. दारांतले दगडी उंबरे सांभाळून ओलांडा, आईने बाबांच्या खांद्यावर हात ठेवावा, लाजू नये. दुसऱ्या गोपुरातून बाहेर पडलात की आधी नंदी, एकाच दगडातला, 20-25 टनांचा. तिथे कट्ट्यावर बसा आणि मान वर करून विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, बघा. सुमारे 60 मीटर उंच, सगळं ग्रॅनाइट, 1010 साली पुरं झालेलं. आसपास सपाट भातखाचरं, डोंगर नाही की खाण नाही, प्रत्येक दगड बाहेरून आणलेला.

गाइड बाई सांगतील की याची सावली जमिनीवर पडत नाही. सगळेच गाइड सांगतात. बाबांनी वाद घालू नये, फक्त सात वाजता पश्चिमेच्या बाजूला जाऊन उभं राहावं, लांबलचक सावली पायाखाली असेल. शिखरावरचा दगड 80 टनांचा एकसंध, हीसुद्धा अशीच गोष्ट, अभ्यासकांच्या मते तो जोडकाम आहे. या दोन गोष्टी सोडल्या तर बाई चांगल्या जाणकार आहेत. भिंतींवरचे तमिळ लेख वाचून दाखवायला सांगा. राजराजाने देवळासाठी 400 नर्तकी आणवल्या होत्या. त्यांची नावं, कुठल्या गावच्या, आणि इथे कुठल्या गल्लीत कितवं घर दिलं, हे सगळं दगडावर कोरलेलं आहे. आईला हे आवडेल, तिला माणसांच्या याद्या लागतातच.

गाभाऱ्याच्या पायऱ्या उंच आहेत. आई, तुझ्या फिजिओच्या मॅडमनी सांगितलेलं लक्षात ठेव, चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा, आणि एका पायरीवर दोन्ही पाय टेकल्याशिवाय पुढची पायरी नाही. लिंग पुरुषभर उंचीपेक्षा मोठं आहे, त्यामुळे रांगेत पुढे घुसायची गरज नाही, लांबूनही नीट दिसतं. पाय नकोच म्हणाला तर नंदीपाशी बसून हात जोड. देव समजून घेतो असं लहानपणी तूच सांगायचीस, मी ताप आल्यावर मोदकाला हात लावला तेव्हा.

आता बाबांचं. नैर्ऋत्येला तंजावरचे भोसले राजे सरफोजी यांनी बांधून घेतलेलं गणपतीचं देऊळ आहे, आणि त्याच बाजूला तटाच्या आतल्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास कोरलाय. मराठीत, देवनागरीत. 1803 साली दुसऱ्या सरफोजीराजांच्या आज्ञेवरून बाबूराव चिटणिसांनी मजकूर तयार केला. बसची माणसं इथवर येतच नाहीत, वेळ नसतो. लांबून बघितलं तर भिंत नुसती खरबरीत वाटते. जवळ गेलं की ओळीखाली ओळ, शब्दाला शब्द चिकटलेले, मध्ये कुठे मोकळी जागा नाही. सुरुवातीला एक शब्द लागणार नाही. डोळ्यांनी वाचायला जाऊ नका, ओठांनी पुटपुटत वाचा, मग शब्द सुटे होतात. कोरीव अक्षरावर ऊन तिरकं पडलं तर ते उठून दिसतं, सावलीत असलं तर मोबाइलचा टॉर्च भिंतीला समांतर धरा, समोरून मारला तर अक्षर पुसल्यासारखं होतं. हात लावू नका. बाईंना सांगून ठेवलंय की इथे तुमचे पाऊण तास जाणार, घाई करायची नाही. आईने तोवर ओवरीत बसावं, तिथल्या भिंतींवरची चित्रं बघावीत. बाबांच्या मोडीच्या वहीला तिथे काम नाही, पण न्या, तुम्ही नेणारच.

नऊच्या आत बाहेर. नाश्ता, गोळ्या, तासभर पाठ टेकायची, मग साडेदहाला राजवाडा. देवळापासून गाडीने काही मिनिटंच, पण चालत जायचं नाही. इथे चपला चालतात. नायकांनी सुरू केलेला वाडा, व्यंकोजीराजांनी 1675-76 च्या सुमारास तंजावर घेतलं तेव्हापासून भोसल्यांचा, 1855 मध्ये वारस नाही म्हणून इंग्रजांनी खालसा केला तोवर. पडझड बरीच आहे, तयारीने जा. साताऱ्यासारखं काही वाटेल ही अपेक्षा नको. मनोऱ्यावर चढू नका, दोघांनीही नाही. दरबारात सरफोजीराजांचा संगमरवरी पुतळा आहे, चॅन्ट्री नावाच्या इंग्रज शिल्पकाराचा, तो बघा.

कांस्यमूर्तींच्या दालनात एकाच मूर्तीसमोर खुर्ची मागून बसा, तिरुवेण्काडूचा वृषवाहन शिव, 1011 सालचा. जटा फेट्यासारख्या गुंडाळलेल्या, एक पाय दुसऱ्यापुढे टाकलेला, आणि उजवा हात शेजारच्या नंदीवर टेकलेला. नंदी आता नाही. हात तसाच हवेत टेकलेला आहे आणि तरीही देव आरामात उभा आहे. बाकीच्या मूर्ती नाही बघितल्या तरी चालतील.

सरस्वती महालाबद्दल, म्हणजे राजवाड्यातल्या जुन्या ग्रंथालयाबद्दल, बाबांची निराशा आधीच करून टाकते. लोकांना फक्त संग्रहालयाची खोली बघता येते. मोडी कागदांचे रुमाल (गठ्ठे) आत आहेत, ते अर्ज आणि आगाऊ परवानगीशिवाय मिळत नाहीत, आणि दारावरच्या माणसाशी हुज्जत घालून तर नाहीच. अर्ज कसा करायचा ते मी विचारतेय. पुढच्या वेळी मी बरोबर असेन, तेव्हा करू. काचेत मांडलेलं बघा, सरफोजीराजांना वैद्यकापासून छपाईपर्यंत कशाकशात रस होता ते कळतं.

जेवण केळीच्या पानावर. भात आपल्याला झेपेल तेवढाच घ्या, वाढपी विचारत नाही, वाढतो. ‘पुरे’ म्हणून भागत नाही, पानावर हात आडवा धरा. शेवटचा दहीभात दोघांनीही खा, पोटाला बरा. सांबार संभाजीराजांच्या नावावरून पडलं ही गोष्ट त्याच वेळी ऐकवतील. भरवशाचा पुरावा नाही, पण जेवताना चालून जाते. मग साडेचारपर्यंत झोप. संध्याकाळी वाटलं तर शिवगंगा बागेजवळचं 1779 चं चर्च. सरफोजीराजांचे गुरू श्वार्ट्झ यांच्या मृत्युशय्येपाशी राजे उभे आहेत असं संगमरवरी शिल्प आत आहे. कुलूप असलं तर हट्ट नको. त्यापेक्षा पुन्हा देवळात जा, दिवे लागल्यावर गोपुरांचा रंग मधाचा होतो, आणि फरशीही निवलेली असते.

पैशांचं. गाइडचे आणि गाडीचे मी भरलेत, ड्रायव्हरचा बाटा, म्हणजे रोजचा भत्ता, त्यातच आहे. वर काही द्यायचं असेल तर शेवटी, पाकिटात घालून, बाबांनी. दुकानात नेऊ नका असं मी सांगितलंय, कारण त्यात कमिशन असतं आणि अर्धा तास जातो. पण आईला तंजावर चित्र हवंच आहे हे मला माहीत आहे (कृष्णाचं, लोणी खाणाऱ्या, होय ना?). तर बघायचं कसं ते ऐक. चित्रावर खडूची पूड आणि डिंकाच्या लुकणाने उठाव करतात आणि त्यावर सोन्याचा वर्ख चढवतात. स्वस्तातल्यावर नुसता सोनेरी कागद असतो, तो काही वर्षांत काळवंडतो. चित्र हातात घेऊन तिरकं धर. उठावाच्या कडांवरही वर्ख सलग बसलेला हवा, सुरकुत्या किंवा कापल्याच्या रेषा दिसल्या तर ठेवून दे. बिलावर सोन्याचा वर्ख असल्याचं लिहून घ्या. काचेची फ्रेम तिथे करू नका, गाडीत फुटते. फळी तशीच आणा, फ्रेम मी चेन्नईत करून देते. किंमत बघून हात मागे घेऊ नकोस, तो माझा हिशेब.

रोज दोन फोन, सकाळी निघताना आणि रात्री जेवल्यावर. मी नाही उचलला तरी मिस्ड कॉल दिसला की पुरे. तिकिटं व्हॉट्सॲपवर पाठवलीत, तरी बाबांनी कोपऱ्यावरून प्रिंट काढून एक प्रत आईच्या पर्समध्ये ठेवावी. डॉक्टरांची चिठ्ठी आणि आधार कार्डाची झेरॉक्ससुद्धा. आणि आई, गुडघा दुखला तर त्याच दिवशी सांग, परत आल्यावर नाही. सांगितलंस तर मी कार्यक्रम बदलेन, ओरडणार नाही.

तुमची,
मनी

ता. क. घराची किल्ली कुलकर्णी वहिनींकडे द्या, दादाकडे नको. गॅसचा नंबर लावून निघा.