घड्याळजी काकांना जाहीर पत्र

आदरणीय काका,
स.न.वि.वि.

वडिलांचा सर्कट कॅमेरा, म्हणजे स्वतःभोवती फिरत लांबलचक ग्रुप फोटो टिपणारा कॅमेरा, तुमच्या हातून पुन्हा फिरू लागला, याबद्दल लिहायला बसले की अजूनही गळा दाटून येतो. म्हणून हे पत्र लांबले. ते जाहीर लिहिण्याचे कारण इतकेच, की असा कॅमेरा कुणाच्या माळ्यावर धूळ खात पडला असेल, तर तो भंगारात घालण्याआधी त्यांनी एखाद्या जाणत्या घड्याळजीला दाखवावा.

१९०४ साली अमेरिकेत पेटंट झालेल्या या रचनेत अख्खा कॅमेरा तिपाईवरील दातेरी कड्यावर फिरतो आणि आतली फिल्म अरुंद फटीमागून उलट दिशेने सरकते. हे सारे चावीच्या स्प्रिंगवर चालते. गती किंचित जरी अडखळली, तरी निगेटिव्हवर उभे पट्टे उमटतात. थोडक्यात, निम्मा कॅमेरा घड्याळच आहे. पण हे ज्यांना सुचायला हवे होते, त्यांना सुचले नाही. एका नामांकित दुकानातील गृहस्थांनी तर वडील समोर बसलेले असताना मला सांगितले, "आजोबांची समजूत घाला, हे शोपीस म्हणून छान दिसेल." ज्या माणसाने याच कॅमेऱ्यावर शाळा-महाविद्यालयांचे, साखर कारखान्यांचे ग्रुप फोटो काढून संसार केला, त्याच्याकडे त्यांनी मान वळवूनही पाहिले नाही. दुसऱ्या एकाने कॅमेरा परत दिला, तेव्हा पेटीतले एक दातचक्र गायब होते.

तुम्ही ते चक्र नव्याने कसे घडवलेत, हे मला कळलेले नाही आणि कळल्याचा आव मी आणत नाही. मला आठवते ते निराळेच. स्क्रूला हात लावण्याआधी तुम्ही डोळ्यावरचे भिंग काढलेत, वडिलांसाठी आपल्या टेबलाशेजारी खुर्ची ओढलीत आणि विचारलेत, "साहेब, नीट चालायचा तेव्हा आवाज कसा यायचा?" हल्ली फारसे न बोलणाऱ्या वडिलांनी टेबलावर बोटाने ठेका धरला, चुकला वाटला, तेव्हा थांबून पुन्हा धरला. तुम्ही घाई केली नाहीत, दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला हाताने थांबवलेत आणि ठेका मनात बसेपर्यंत ऐकत राहिलात. त्या एका प्रश्नाने माझे वडील रुग्णाइताचे पुन्हा फोटोग्राफर झाले. हुशार कारागीर भेटतात, काका; परंतु समोरच्याला काय ठाऊक आहे ते आधी विचारून घेणारे, आणि उत्तर संपेपर्यंत ऐकणारे, फार थोडे. मजुरी सांगतानाही तुम्ही जो संकोच केलात, त्यावर मी अजून रागावलेली आहे.

दहा इंच रुंद फिल्म मिळवण्याची खटपट सुरू आहे. ती मिळाली की तुमच्या पेठेतील सर्वांचा एक फोटो काढायचा, असे वडिलांनी ठरवले आहे. बाके कॅमेऱ्याभोवती अर्धवर्तुळात मांडायची, म्हणजे फोटोत रांग सरळ येते, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावत असतात. तुम्हाला त्यांचा निरोप आहे: खुर्ची मधलीच घ्यायची. टोकाला उभे राहून, कॅमेरा वळताच मागून धावत दुसऱ्या टोकाला पोहोचणारी आणि एकाच फोटोत दोनदा दिसणारी पोरे त्यांनी भरपूर पाहिली आहेत, आणि तुमच्यावर त्यांचा तेवढा विश्वास नाही.

आपली कृतज्ञ,
एका फोटोग्राफरची मुलगी