आधी विचारा, मग बुलडोझर चालवा

माननीय संपादक,

ऑस्ट्रेलियात गुराढोरांच्या स्टेशनांवर रान साफ करण्यावरून तिथल्या मूळ रहिवाशांचा जो वाद चाललाय त्याबद्दल लिहितेय. मी ठाण्यातल्या येऊरच्या जंगलाच्या पायथ्याशी राहते आणि मला तो वाद अजिबात परका वाटत नाही.

तिकडे स्टेशन म्हणजे गुरं पाळायला सरकारने लीजवर दिलेली जमीन, एकेक स्टेशन हजारो चौरस किलोमीटरचंसुद्धा असतं. तिथले मूळ रहिवासी कायद्याच्या हिशोबात कुठेच नव्हते, १९९२ च्या माबो निकालात कोर्टाने त्यांचा जमिनीवरचा हक्क पहिल्यांदा मानला आणि १९९६ च्या विक निकालात सांगितलं की लीज दिली म्हणून तो हक्क आपोआप संपत नाही. पण त्याच निकालात असंही आहे की दोघांच्या हक्कांची टक्कर झाली तर लीजवाल्याचा हक्क वरचढ. म्हणजे मूळ लोक आपलं म्हणणं मांडू शकतात पण "नाही" म्हणून तोड थांबवायचा अधिकार त्यांना नाही.

आणि तोड कशी होते बघा. दोन बुलडोझरच्या मधे जाडजूड साखळी लावतात आणि दोन्ही शेजारी शेजारी चालवत नेतात, मधलं सगळं रान मुळासकट आडवं. पाणवठ्याकाठची झाडं, पूर्वजांच्या जागा, सगळं त्यात जाऊ शकतं. नंतर कोर्टात जिंकून ते परत कसं मिळणार?

तिथल्या गुरिंजी लोकांनी १९६६ मधे व्हिन्सेंट लिंगियारींच्या मागे वेव्ह हिल स्टेशनवरचं काम सोडलं, जमिनीचा थोडा भाग हातात पडायला १९७५ उजाडलं. आपल्याकडे २०१८ चा शेतकऱ्यांचा लाँग मार्च ठाण्यावरूनच गेला होता, त्यात कितीतरी आदिवासी होते आणि मोठी मागणी वनजमिनीच्या दाव्यांचीच होती. दहावीच्या पोरांना परीक्षेला जाताना त्रास नको म्हणून ही माणसं रक्ताळलेल्या पायांनी रात्रीतून आझाद मैदानाकडे चालत गेली, ते मी विसरू शकत नाही.

खरं तर आपला २००६ चा वनहक्क कायदा चांगला आहे. दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणाला जमिनीवरून हटवायचं नाही असं त्यात स्पष्ट लिहिलंय. वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर ग्रामसभेची संमती हवी असं २००९ मधे केंद्रानेच सांगितलं होतं, पण २०२२ च्या नियमांनी क्रम उलटा केला, केंद्राची मंजुरी आधी आणि वनहक्कांचं बघायचं काम नंतर राज्याकडे. हे मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण मंजुरीचा कागद हातात आल्यावर पाड्यावरच्या माणसाला कोण विचारतंय!

माझी मागणी एवढीच, ठाणे जिल्ह्यात वनजमिनीचा कुठलाही प्रस्ताव आला की तो पुढे पाठवायच्या आधी त्या पाड्यांवर मराठीत नोटीस लावा, ग्रामसभा घ्या, तिथले किती दावे अजून पडून आहेत ते जाहीर करा, आणि ठराव झाल्याशिवाय एकाही झाडाला हात लावू नका. तुमच्या पेपरनेही हे प्रस्ताव वेळेत छापावेत ही कळकळीची विनंती.

आपली एक वाचक,
ठाणे (पश्चिम)