चान्यांचा डबा मी घेऊन आले

तीर्थरूप बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, वाळल्या मटणाच्या चान्यांचा डबा शोधू नका. तो मी नागपूरला आणला. आईला काही माहीत नव्हतं, तिच्यावर चिडू नका. तुम्हाला विचारलं असतं तर "एका तुकड्यानं काय होते व, बेबी" म्हणाले असते अन् मी डबा परत फडताळात ठेवला असता. तुमच्यापुढे माझं कधी चाललं आहे?

मीठ-हळद लावून उन्हाळ्यात मटण वाळवायचं अन् पावसाळाभर पुरवायचं, हे आजीच्या काळापासूनचं आहे, त्याला मी नावं ठेवत नाही. पण डॉक्टरांनी तुमच्या किडनीच्या आजाराची स्टेज 3 सांगितली आहे. दिवसभराचं मीठ 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, भाजी-वरण-भाकर सगळं धरून. मटण वाळलं की पाणी उडतं, मीठ अन् प्रोटीन तिथंच राहतं. मग तहान लागते, बीपी चढतं, पाय सुजतात. पोळ्याला तुमच्या चपलेचा पट्टा पायात रुतून लाल वळ उठला होता. तुम्ही धोतर खाली ओढलं, पण मी पाहिलं.

भिजवून पाणी फेकलं की झालं, असं म्हणाल. थोडं मीठ उतरतं, सगळं नाही.

दादा पुण्याहून सॉसेज-सलामी आणतो, तेही बंद. त्याला मी बोलले आहे, थोडा फुगलाय. त्यात मिठाशिवाय फॉस्फेट घातलेलं असतं, ते मटणातल्या मूळच्या फॉस्फरसपेक्षा कितीतरी जास्त रक्तात उतरतं, अन् थकलेल्या किडनीला ते नीट बाहेर टाकता येत नाही. त्याचा त्रास हाडांना होतो.

चुलीतल्या निखाऱ्यावर चानी भाजून, राख फुंकून, पहिला तुकडा तुम्ही माझ्याच हातावर ठेवायचे. दादा रडायचा. डबा उचलताना तेच आठवत होतं, बाबा.

मटण तुटलं असं समजू नका. आहारतज्ज्ञ बाईंनी ताजं मटण मोजून खायला सांगितलंय. वजनाच्या किलोमागे 0.8 ग्रॅम प्रोटीन, तुमच्या 55 किलोला दिवसाचं 44, वरण-दूध धरून. आई, रविवारी बाबांना दोन-तीन तुकडे वाढ, रस्सा कमी. भिवापुरी तिखट, लसूण, सांभार (कोथिंबीर) घातला की मीठ कमी असलेलं कळत नाही. पानात वरून मीठ वाढू नको. लोणचं, पापड, सुकट नकोच. सैंधव हेही मीठच. अन् 'कमी सोडियम'वाल्या मिठाचा पुडा बिलकुल आणू नका, त्यात पोटॅशियम असतं, किडनी थकलेली असली की ते रक्तात साचतं अन् हृदयाचे ठोके बिघडतात.

गुडघा दुखला की दुकानातून गोळी आणू नका, आधी मला फोन करा. तुमची मऊ उशी अन् नवं बीपीचं यंत्र पाठवते आहे, आकडा रोज वहीत लिहा. डबा मागितला तर मी देणार नाही, रागवा पाहिजे तेवढं.

तुमची,
बेबी