बाळ्या, टाइल्सचं काम थांबव

बाळ्या,

तब्येत ठीक, शुगर कंट्रोलमध्ये, पुढे. आप्पांचा फोन आल्यापासून डोकं ठिकाणावर नाहीये. आपल्या देवळातल्या सभामंडपाच्या खांबांना टाइल्स लावतायत म्हणे, आणि टाइल सपाट बसावी म्हणून पुढे आलेली कीर्तिमुखं, ती कोरलेली उग्र तोंडं, तासून काढणार! हे तुला नाही तर कुणाला सांगू, इथे फ्रान्समध्ये, लिऑंच्या ऑफिसात कुणाला कळणारे?

आणि मी नेमका मागच्याच महिन्यात ओतांला जाऊन आलोय, बरगंडीत, सेंट लाझारचं कॅथेड्रल बघायला. ११३० च्या आसपासचं कोरीवकाम. मुख्य दारावरच्या कमानीत शेवटचा न्याय, म्हणजे जगाच्या अंती मेलेल्यांचा निवाडा, मधे भलामोठा ख्रिस्त, एका बाजूला तराजू, सैतान त्यावर जोर लावतोय आणि इवलेसे जीव देवदूताच्या झग्याला चिकटलेत. खाली थडग्यांतून उठणाऱ्यांची रांग, त्यातल्या एकाचं डोकं वरून आलेल्या दोन प्रचंड पंजांनी धरलंय, धरणाऱ्याचं बाकी अंग नाहीच, नुसते पंजे. मान दुखेपर्यंत बघत होतो रे. रांगेच्या दुसऱ्या बाजूला यात्रेकरू आहेत, एकाच्या झोळीवर शिंपला, एकाच्या क्रूस, अगदी आपले वारकरी.

तर १७६६ साली हे सगळं तिथल्याच पाद्र्यांना गावंढळ वाटलं, त्यांनी वर प्लास्टर थापलं आणि ख्रिस्ताचं डोकं प्लास्टरच्या बाहेर येत होतं म्हणून ते उडवलं. आपल्या कीर्तिमुखांचं डिट्टो हेच! प्लास्टर १८३७ मध्ये काढलं, उलट त्याच्या आड फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत बाकीचं शिल्प वाचलं. डोकं मात्र १९४८ ला परत बसलं, तेही म्युझियममध्ये होतं म्हणून. आपले तुकडे कोण ठेवणार, भरावात जातील.

हां, ख्रिस्ताच्या पायाखाली लॅटिनमध्ये कोरलंय, 'गिस्लेबेर्तुसने हे केलं'. होस्टेलवर तू रात्रभर भांडलेलास ना, जुने कारागीर नाव कोरत नसत म्हणून? घे. आता काही अभ्यासक म्हणतात की तो शिल्पकार नसेल, काम करवून घेणारा कुणी असेल, पण लगेच उड्या मारू नकोस.

तू कमिटीत आहेस, तुझं ऐकतात. ऑइलपेंट मारायचाच असेल तर मारू दे, तो उद्या काढता येईल, पण छिन्नी लावू देऊ नको. आणि आधी प्रत्येक खांबाचे चारी बाजूंनी फोटो काढ, सकाळच्या तिरप्या उन्हात.

चिनूची दहावी कशी गेली? वहिनींना नमस्कार. दुकानाचं काय ठरलं ते सविस्तर कळव. मीटिंग झाली की लगेच फोन कर, कितीही वाजू देत.

तुझाच,
पक्या