कॅबिनेटच्या आतली पट्टी

प्रिय काका,

समोर येऊन आभार मानायला गेले तर तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलणार. म्हणून लिहिते आहे, आणि मुद्दाम चारचौघांत लिहिते आहे.

गेले १८ दिवस माझा कॉम्प्युटर एकदाही आपणहून बंद पडलेला नाही. त्याआधीच्या पाच महिन्यांत सलग तीन दिवस धड गेले नव्हते. पुस्तकांची पानं लावायचं माझं काम. एक परिच्छेद हलवला की सेव्ह, एक चित्र बसवलं की सेव्ह. बोटांना लागलेली ती सवय अजून सुटलेली नाही.

मशीन सेकंड हँड घेतलं तेव्हा विकणारा म्हणाला होता, "ताई, यावर फक्त मेल बघायचो." त्या मेलविषयी पुढे बोलतेच.

तुमच्याआधी तिघांचे उंबरे झिजवले. पहिल्याने विंडोज पुन्हा टाकून दिलं आणि "जुना माल घेतला की असंच होतं" हे वर. दुसऱ्याने प्रोसेसरचे सगळे कोअर, म्हणजे आतले काम करणारे वेगवेगळे भाग, एकदम राबवणारी टेस्ट दहा मिनिटं चालवली, स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि म्हणाला, "बघा मॅडम, काही होतंय का?" नव्हतंच होत. मग "तुम्हीच काहीतरी चुकीचं दाबत असाल." तिसऱ्याने झाकणसुद्धा न उघडता निकाल दिला: प्रोसेसर गेला, नवीन मशीन घ्या. गंमत अशी, की तिघांत त्याचाच नेम सगळ्यात जवळ लागला होता. पण त्याचं श्रेय मी त्याला देणार नाही. अंधारात फेकलेला दगड होता तो.

तुम्ही आलात आणि स्क्रू-ड्रायव्हर खिशातच ठेवून विचारलंत, "बंद पडतो तेव्हा तू काय करत असतेस?"

"काहीच नाही हो. नुसती वाचत बसलेली असते."

तुम्ही मान वर केलीत. पाच महिन्यांत माझं एखादं वाक्य कुणी इतकं लक्ष देऊन ऐकलं नव्हतं. मग तुम्ही समजावलंत, की सगळ्या कोअरवर भार आला की प्रोसेसर वेग थोडा उतरवतो. पण काम हलकं असलं की एखादाच कोअर सगळ्यात वरच्या वेगाने पळतो, आणि झिजलेला कोअर नेमका त्या धावेत ठेचकाळतो. म्हणजे दुसऱ्याची टेस्ट पास झाली यात नवल नव्हतं. दुखऱ्या पायाची परीक्षा त्याने बसवून घेतली होती.

तरी तुम्ही प्रोसेसरवर लगेच बोट ठेवलं नाहीत. तो संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा, म्हणालात, कारण बहुतेक वेळा दोष रॅमचा, पॉवर सप्लायचा, नाहीतर प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणाऱ्या, वाळून खडखडीत झालेल्या पेस्टचा निघतो. रॅमची एकेक पट्टी रात्रभर तपासली, पॉवर सप्लाय बदलून पाहिला, पेस्ट नवी लावली. दुखणं जागच्या जागी. एक मोठी झिप फाइल तुम्ही माझ्याकडून दहा वेळा उघडून घेतलीत. सात वेळा नीट उघडली, तीन वेळा म्हणाली फाइल खराब आहे. फाइल तीच, डिस्क तीच. त्या तीन वेळांनी मला जेवढं पटवलं तेवढं कुठल्याच आलेखाने पटवलं नसतं.

मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची बिघाडांची नोंदवही, उघडून तुम्ही मला नोंदी मोठ्याने वाचायला लावल्यात. प्रत्येक बंद पडण्यामागे हार्डवेअरच्या चुकीची नोंद, आणि तिच्यात एक आकडा: १०, ११, ११, १०, ११. प्रत्येक कोअर एका वेळी कामाचे दोन धागे चालवतो, आणि हे दोन्ही आकडे एकाच कोअरच्या धाग्यांचे; शून्यापासून मोजलं तर कोअर ५. आठ कोअरमधला एकच, दर वेळी तोच. तिघांनाही हे दिसलं असतं. बघायचं तेवढं राहिलं.

आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये, विकणाऱ्याची ती मेल सापडली! प्रोसेसरचं व्होल्टेज हाताने १.४५ व्होल्टवर बांधून ठेवलेलं, वेग चढवलेला. मेल बघायला एवढं लागतं का हो? वर्षानुवर्षं जास्त व्होल्टेज आणि उष्णता सोसली की आतले ट्रान्झिस्टर थकतात आणि त्याच वेगाला आणखी व्होल्टेज मागायला लागतात, हे तुम्ही सांगितलंत. विजेच्या प्रवाहाने आतल्या बारीक तारांमधले धातूचे अणूसुद्धा हळूहळू सरकतात, आणि जेम्स ब्लॅक नावाच्या इंजिनिअरने त्याचं गणित १९६९ सालीच मांडलं होतं, हेही. एवढ्या छोट्या चकतीत नदीकाठासारखी झीज चालू असते, हे ऐकून मी पाच मिनिटं तिच्याकडे नुसती बघत बसले. वरून अगदी नवी दिसत होती.

सगळं मूळ सेटिंगवर आणूनही कोअर ५ एकेका कोअरच्या टेस्टमध्ये पडलाच. तेव्हा तुम्ही तुमच्या चालत्या मशीनमधला प्रोसेसर काढून आणलात आणि माझ्यात बसवलात. एकही चूक नाही. मदरबोर्ड निर्दोष सुटला. माझा परत बसवून वरचा वेग २०० मेगाहर्ट्झने उतरवलात, आणि त्या रात्री टेस्ट पहाटेपर्यंत न थांबता चालली. मला फरक कळतसुद्धा नाही.

पण काका, हे पत्र त्यातल्या कशासाठीच नाही. झाकण लावायच्या आधी तुम्ही कागदी चिकटपट्टीचा एक तुकडा फाडलात, गुडघ्यावर ठेवून बॉलपेनने बारीक अक्षरांत लिहिलंत आणि झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलात. अंगठ्याने दोनदा दाबलात, कोपरा उचलत होता म्हणून. मी वाकून वाचलं: "कोअर ५ झिजलेला. पूर्वी १.४५ व्होल्टवर चालवलेला. वेग मुद्दाम कमी केला आहे, वाढवू नये." खाली तारीख.

मी विचारलं, हे कुणासाठी? "तुझ्यानंतर ज्याच्याकडे जाईल त्याच्यासाठी."

मला रडू का आलं, ते मला तेव्हा सांगता आलं नाही. एका माणसाने माझ्यापासून लपवलं, तिघांनी मलाच खुळ्यात काढलं, आणि तुम्ही अशा माणसाला खरं सांगून ठेवत होतात जो अजून कुठेच नाही. त्याने तुम्हाला आभाराचा शब्दही कळवला नसता. मला वाटतं सज्जनपणा असाच असतो, झाकणाच्या आतल्या बाजूला. आणि तो फुकट मिळतो म्हणून लोकांना त्याची किंमत नसते, हेही आता रागाने म्हणून टाकते.

हा प्रोसेसर किती दिवस काढेल, असं विचारलं तेव्हा "ते मी सांगू शकत नाही, बॅकअप घेत राहा" म्हणालात. घेते आहे. रोज रात्री, बाहेरच्या डिस्कवर.

तुमचा लाल मुठीचा छोटा स्क्रू-ड्रायव्हर माझ्या टेबलावर राहिलाय. रविवारी घेऊन येते. तेव्हा "त्यात काय एवढं" म्हणू नका, प्लीज.

तुमची,
कोअर ५ वाली