दुखत नाही, म्हणून थांबू नका

मा. संपादक,

मोतीबिंदूची शिबिरे गावोगाव होतात. दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या आत मागच्या बाजूचा प्रकाश टिपणारा पडदा (रेटिना), जागेवरून सुटण्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही. डोळ्यातले बरेचसे रक्त पटलामागच्या कोरॉइड या थरातून वाहते आणि प्रकाश टिपणाऱ्या पेशी त्याच्याच ऑक्सिजनवर जगतात. पटल सुटले की रक्त वाहतच असते, पण त्या पेशी त्यापासून दुरावतात. पटलाच्या स्वतःच्या वाहिन्यांतला प्रवाहही मंदावतो. आणि दुखत काहीच नाही!

माझ्या आईला कडेने काळी सावली दिसू लागली. 'नंबर वाढला असेल' म्हणत तिने आठ दिवस काढले. तोवर पीतबिंदू, म्हणजे ज्याने आपल्याला समोरचे बारीक दिसते तो पटलाचा मधला भागही सुटला होता. अचानक खूप ठिपके, विजेसारखी चमक किंवा सावली दिसली, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा, एवढा फलक चष्म्याच्या दुकानांतही लावता येईल.

– एक वाचक, सातारा