विषय : वृद्धाश्रमात येणाऱ्या जेवणाचे तापमान आणि नोंदवहीतला आकडा

प्रति,
व्यवस्थापक, भोजन पुरवठा विभाग

महोदय,

आपल्या नोंदवहीत दुपारच्या जेवणापुढे रोज ६८ अंश लिहिलेले असते. पदार्थ बदलतो, डबा बदलतो, आकडा मात्र जागचा हलत नाही.

गेल्या आठवड्यात सलग चार दिवस आम्ही सळईचा थर्मामीटर डब्याच्या मधोमध खुपसून पाहिले. उतरवताना वरण ६३, भात ५८. पाऊण तासाने दुसऱ्या मजल्यावरच्या अंथरुणाला खिळलेल्या रहिवाशांना वाढताना भात ४६, मिक्सरमधून काढलेली खिचडी ४१. एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमांत गरम अन्नाला किमान ६० अंश सांगितले आहेत. आपला माणूस वापरतो ती इन्फ्रारेड गन (न शिवता लांबून तापमान दाखवणारे यंत्र) फक्त वरचा थर मोजते; चकचकीत स्टीलवर रोखली तर तोही चुकीचा.

भाताची काळजी जास्त. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकतात, भात कोमट राहिला की वाढीला लागतात, आणि त्यांचे उलटी घडवणारे विष पुन्हा उकळल्यानेही जात नाही. म्हणून "तुमच्याकडे गरम करून घ्या" हे पर्यवेक्षकांचे उत्तर आम्हाला मान्य नाही. बेन-मारी (गरम पाण्यावर भांडी ठेवायचे वाढपाचे टेबल) गरम अन्न गरम ठेवते. कोमट अन्न त्यात तासभर कोमटच रेंगाळते.

याच्या उलट, बुधवारचे सूप ७९ अंशांवर थेट वाडग्यात आले. कंपवाताच्या हातातून ते मांडीवर सांडले तर म्हातारी, पातळ कातडी लगेच भाजते. डब्यात ६० च्या वर हवेच, पण वाडग्यात ओतल्यावर जरा निववून मगच हातात द्यायचे, हे वाढप्यांना शिकवा.

सोमवारपासून हे हवे : उष्णतारोधक डबे भरण्याआधी दहा मिनिटे उकळत्या पाण्याने तापवणे, प्रत्येक मजल्याला वेगळा, काठोकाठ भरलेला लहान डबा (अर्धा रिकामा डबा लवकर निवतो), खिचडी मिक्सरमधून काढल्यावर आतपर्यंत ७५ अंशांवर दोन मिनिटे तापवणे. नोंद सळईच्या थर्मामीटरने, निघताना आणि शेवटचे ताट वाढताना, अशी दोनदा. थर्मामीटर दर आठवड्याला बर्फाच्या चुऱ्यात शून्यावर तपासा. उकळत्या पाण्यात तपासलात तर पुण्याच्या उंचीवर ९८ च्या आसपास दिसेल, तो बिघाड नव्हे.

उतरवताना ६० च्या खाली असलेला डबा परत जाईल आणि त्याचे पैसे बिलातून वजा होतील. मागील महिन्याच्या नोंदवहीची प्रत आठ दिवसांत पाठवावी.

आपले,
भोजन समिती, वृद्धाश्रम, पुणे